काडतूस, बार आणि ‘मॅग्नम’

मेहकरला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो होतो. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पितळी डबा खाली आला होता. त्यात ढब्बू पैसे, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, एक अडकित्ता आणि एक रिकामं काडतूस. गुरुजींनी ते माझ्या हातावर ठेवलं. “तुम्हाले शब्दायचं वेड हाय ना? वाचा मंग काय लिवलंय ते.”

बूड उजेडात धरून भिंगातून पाहिलं. गोल फिरलेल्या बारीक इंग्रजी अक्षरांत विलायतेतल्या किनॉक कंपनीचं नाव होतं आणि त्यापुढे ‘३७५ मॅग्नम’. काडतूस माझ्या तर्जनीएवढं, सव्वासात सेंटिमीटर भरलं. पितळ काळवंडलेलं. बुडाच्या जरा वर एक उंच कडं, जणू कमरपट्टाच. गुरुजींच्या नातवानं ते माझ्या हातून घेतलं, खालच्या ओठाला टेकवून फुंकर मारली आणि घरभर शिट्टी घुमली.

गुरुजींचे आजोबा तरुणपणी जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, एका साहेबाच्या शिकारीत हाक्याला गेले होते. तिथे मचाणाखाली पडलेलं हे काडतूस त्यांनी उचलून आणलं. गुरुजी ती गोष्ट सांगत होते आणि मी शब्द मोजत होतो. हाका, हाकारे, मचाण, नेम, बार, सावज, काडतूस. बुडावर कोरलेला ‘मॅग्नम’ मात्र त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. आजोबांनी तो कधी ऐकलाच नसणार. एकाच वस्तूला दोन नावं. एक धातूवर कोरलेलं, दुसरं जिभेवरचं. कोरलेलं नाव डब्यात पडून राहिलं आणि जिभेवरचं आजही रोजच्या वर्तमानपत्रात भेटतं. असं का झालं, हा प्रश्न मेहकरहून परत येताना माझ्या डोक्यात होता.

आधी काडतूस. शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या ‘कार्तुश’वरून. हिंदीत त्याचं कारतूस झालं. आपण ‘र’ सोडून ‘त’च्या आधी ‘ड’ बसवला आणि काडी-काडवातींच्या पंगतीत शोभेल असं रूप केलं. परका शब्द असा उच्चार बदलून घरचा झाला की तो सहसा परत जात नाही. पण खरी गंमत त्याच्या मुळाशी आहे. पोर्तुगीज शब्दाच्या मागे इटालियन ‘कार्ता’ आहे, त्यामागे लॅटिन ‘कार्ता’ आणि त्यामागे ग्रीक ‘खार्तेस’. सगळ्यांचा अर्थ कागद. काडतूस म्हणजे मुळात कागदाची पुडी! मापून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी एकत्र गुंडाळलेली सुरळी. किराणा दुकानात जिरे-मोहरी बांधून देत त्या पुडीची ही भावंडं म्हणावी. त्याच कुळात आपलं ‘कार्ड’ आहे आणि ‘कार्टून’सुद्धा आहे, कारण इटालियन चित्रकार जाड कागदावर आधी जो आराखडा काढत त्याला ते ‘कार्तोने’ म्हणत. व्यंगचित्र आणि बंदुकीची गोळी एका कागदातून निघालेली आहेत, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ कोश मिटून बसलो होतो.

कागद हा अर्थ विसरला की १८५७ समजत नाही. शाळेत आपण शिकतो की काडतुसं दातांनी तोडावी लागत, त्यांना गाई-डुकरांची चरबी लावलेली आहे अशी बातमी पसरली आणि शिपाई बिथरले. मी मुलांना नेहमी विचारतो, पितळेचं काडतूस दातांनी कसं तोडणार? मुलं गप्प होतात. एन्फिल्ड बंदुकीचं ते काडतूस कागदी होतं. त्याचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. चरबी त्या कागदाला होती. पुढे काडतूस पितळेचं झालं, कागद गेला, पण नाव तेच राहिलं. वस्तू बदलली तरी जिभेला पडलेलं वळण बदलत नाही.

आता मॅग्नम. लॅटिनमध्ये ‘मॅग्नुस’ म्हणजे मोठा, ‘मॅग्नम’ हे त्याचं नपुंसकलिंगी रूप. संस्कृतातलं ‘महत्’ आणि ग्रीकमधलं ‘मेगास’ हे त्याचे सख्खे. म्हणजे महाराष्ट्रातला ‘महा’, मेगासिटीतला ‘मेगा’ आणि या काडतुसातला ‘मॅग्नम’ एकाच आजोबांची नातवंडं. पण हा शब्द बंदुकीकडे आला तो दारूच्या गुत्त्यातून. इंग्रजीत अठराव्या शतकात मोठ्या बाटलीला मॅग्नम म्हणू लागले. शॅम्पेनची मॅग्नम बाटली आजही दीड लिटरची, नेहमीच्या दुप्पट. एकोणिसाव्या शतकात विलायती बंदूकवाल्यांनी नेहमीपेक्षा जास्त दारू मावणाऱ्या काडतुसाला तेच नाव दिलं. दारूची बाटली आणि दारूचं काडतूस यांना एकच विशेषण लागलं. मराठीत तर दोन्हींना शब्दही एकच आहे, त्याकडे पुढे येतो.

हातातलं ते ३७५ मॅग्नम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या घराण्यानं १९१२ साली बाजारात आणलं. ३७५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३७५, गोळीची जाडी साडेनऊ मिलिमीटर. त्यात कॉर्डाइट भरत. तोही शब्द छान आहे: ‘कॉर्ड’ म्हणजे दोरी, आणि ही दारू शेवयांसारखी दोऱ्यादोऱ्यांनी काडतुसात उभी असे. उष्ण देशात ती जास्त तापे, दाब वाढे आणि उडालेलं काडतूस नळीत चिकटून बसे. वाघ समोर आणि काडतूस निघत नाही, या प्रसंगाची कल्पना करा. म्हणून त्याचा आकार लांब आणि टोकाकडे निमुळता ठेवला, ते सहज निघावं म्हणून. आकार निमुळता झाल्यावर ते नळीत नेमकं कुठे अडेल हे ठरवणं कठीण झालं, म्हणून बुडाशी तो कमरपट्टा दिला. मेहकरच्या डब्यातल्या पितळेवर आपल्याकडच्या उन्हाळ्याचा असा ठसा आहे.

हिंदुस्थानानं ही काडतुसं घडवली, ती केवळ उन्हामुळे नाही, कायद्यामुळेही. १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुकांचा बोअर तोच होता, आणि शिकारीसाठी आलेला माल बंडखोरांच्या बंदुकांत जाईल ही धास्ती होती. लंडनच्या कारागिरांचा मोठा धंदा इथल्या साहेबलोकांवर आणि संस्थानिकांवर चालत असे. त्यांनी लगोलग ४६५, ४७०, ४७५ असे शेजारचे आकडे काढले. जगभरच्या शिकाऱ्यांना आज पाठ असलेले हे आकडे आपल्या इथल्या एका हुकुमापायी जन्मले.

त्याच काळात एक शब्द आपल्याकडून उलट गेला. कोलकात्याजवळच्या दमदमच्या दारूगोळा कारखान्यात अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी बनवली गेली आणि इंग्रजीला ‘डमडम’ मिळाला. १८९९ च्या हेग परिषदेनं लढाईत ती गोळी निषिद्ध ठरवली. दमदम हे गावाचं नाव ‘दमदमा’वरून आलं असं मानतात, आणि दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. आपल्या बखरींतून किल्ल्यांच्या वेढ्यात हा दमदमा जागोजाग भेटतो.

मग मॅग्नम या थोरल्या काडतुसाचे दिवस भरले का? शिकारीला अजून परवानगी असलेल्या देशांत, विशेषतः अमेरिकेत, हा वाद चालतो. तिथली घरोघरची मॅग्नम म्हणजे १९६२ ची ७ मिलिमीटर रेमिंग्टन आणि १९६३ ची ३०० विंचेस्टर. दोघींनाही तो १९१२ चा कमरपट्टा आहे. २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर आलं. त्याचा दणका खांद्याला सौम्य, आणि लांब, सडपातळ गोळी वाऱ्याला कमी बधते. पुढे २०१८ आणि २०२२ मध्ये जी ताकदवान काडतुसं आली त्यांना पट्टा नाही, आणि नावात मॅग्नमही नाही. नाव आहे पीआरसी, म्हणजे नेमकेपणाचं रायफल काडतूस. ‘थोर’ हे विशेषण गेलं आणि ‘अचूक’ हे आलं. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. ३०० विंचेस्टर अजून भरपूर खपतं, आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती-रानरेड्यासाठी कायद्यानं किमान ३७५ लागतंच, त्यामुळे काडतूस काही मरत नाही. पण कारखानदारांना आता नव्या मालाला मोठेपणाचं नाव द्यावंसं वाटत नाही. नावाची सद्दी संपली की वस्तूची उतरण लागते, असा माझा शब्दांबाबतचा तरी अनुभव आहे.

वऱ्हाडात मात्र मॅग्नम कधी रुजलाच नव्हता, मग उतरणार काय? साहेबाच्या रायफलीतून तो आला आणि साहेबाबरोबर गेला. इथल्या पाटलाच्या, जागल्याच्या घरी असायची ती ठासणीची बंदूक. तोड्याची, मग टोपीची. तिला विदर्भात भरमार म्हणतात. भरा आणि मारा. आज ‘जाहिरातींची भरमार’ असं लिहिताना कुणाला बंदूक आठवत नाही. ज्याची ऐपत जरा मोठी त्याच्याकडे बाराबोर. हा शब्द आपण एका श्वासात म्हणतो, जणू गावाचं नाव. मूळ हिशोब असा की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. परवान्यावर पुढे आपल्या सरकारी कारखान्याची ३१५ ची रायफल आली, ती ‘तीनशे पंधरा’. ३०३ लष्करी बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद, तरी सिनेमानं ‘थ्री नॉट थ्री’ घरोघर पोचवली. लोकांनी त्यांच्या हातात आलेल्या वस्तूंची नावं सांभाळली. जी वस्तू लांबून दिसली, जिच्या आवाजानं रान दणाणलं पण जी खांद्याला कधी लागली नाही, तिचं नाव मराठीला नको झालं.

आता तो दारूचा शब्द. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. दवादारू या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. बंदुकीची पूड ही त्या काळच्या वैद्य-रसायनकारांच्या खलबत्त्यातलीच वस्तू, म्हणून तिला तेच नाव. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला ‘हुओयाओ’ म्हणतात, शब्दशः ‘अग्निऔषध’. आणि ‘गोळी’ बघा. दवाखान्यातली गोळी आणि बंदुकीतली गोळी, दोन्ही त्याच ‘गोला’पासून. ‘बंदूक’ अरबी ‘बुंदुक’वरून, म्हणजे हेझलनट नावाचं टणक कवचाचं छोटं फळ, त्यावरून छोटी गोळी, त्यावरून ती फेकणारं हत्यार. तोफ तुर्की ‘तोप’वरून, तोही चेंडूच. औषध, गोळी, फळ, चेंडू… मारण्याच्या साधनाला माणसानं एकही क्रूर नाव दिलेलं नाही.

‘बार’ हा त्यांतला माझा लाडका. फारसी बार म्हणजे ओझं, आपल्या ‘भारा’चाच भाऊ. बंदुकीत भरायचं ते ओझं म्हणजे बार, मग ते उडालं की तोही बार. मराठीनं या दोन अक्षरांकडून किती कामं करून घेतली! बोलबाला होऊन काहीच न निघालं तर फुसका बार. घाईघाईनं लग्न लावलं तर लग्नाचा बार उडवला. ‘फैर’ इंग्रजी ‘फायर’वरून आली आणि आता आरोपांच्या, प्रश्नांच्या फैरी झडतात. काडतूस मात्र पोलिसी बातमीत राहिलं: ‘गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त’. जीव घेणाऱ्या वस्तूला जिवंत म्हणायचं, याचा मला दर वेळी धक्का बसतो. मलकापूरहून पुढे भुसावळकडे जाताना लागणाऱ्या वरणगावच्या कारखान्यात १९६४ पासून लष्करासाठी काडतुसं बनतात, पण परिसरातली माणसं नुसतं ‘फॅक्टरी’ म्हणतात.

शिकारीच्या शब्दांत एक दुखरी जागा आहे. ‘शिकार’ फारसी, दरबाराचा शब्द. राजे, नवाब, साहेब शिकारीला जात आणि शिकारी म्हणवून घेत. इंग्रजीनंही तो शब्द मानानं उचलला. आपला देशी शब्द ‘पारध’. प्राकृतात ‘पारद्धि’, संस्कृत कोशात ‘पापर्द्धि’. पाप आणि ऋद्धी असा त्याचा विग्रह करतात, पापाची वाढ. हे संस्कृत रूप प्राकृतावरून मागाहून बेतलं असावं असं मला वाटतं, पण ते बेतणाऱ्यानं शब्दात निवाडाही घालून ठेवला. रायफल घेऊन वाघ मारणारा शिकारी झाला, त्याची भिंतीवर मुंडकी लागली. फास लावून तितर-लावे धरणारा पारधी झाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या भटक्या लोकांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांत तोही ओढला गेला. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यानं पुसला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या फासेपारध्यांच्या तांड्यावर जाऊन विचारा, लोकांच्या बोलण्यातून पुसला का? बुलढाणा हे नाव भिलठाण्यावरून, म्हणजे भिल्लांच्या ठाण्यावरून आलं असं इथे अभिमानानं सांगतात. ज्यांच्या नावावर गाव वसलं असं म्हणायचं आणि त्यांच्याच सारख्या रानच्या माणसांचं नाव शिवीसारखं वापरायचं, हे मला सहन होत नाही.

आणि ‘सावज’. संस्कृत ‘श्वापद’वरून आलेला. श्वापद म्हणजे हिंस्र जनावर, झडप घालणारं. गुजरातीत सावज म्हणजे आजही सिंह; गीरचा मालधारी सिंहाला सावजच म्हणतो. मराठीत तोच शब्द उलटून ज्यावर झडप घातली जाते त्याचं नाव झाला. सिंहापासून भक्ष्यापर्यंतचा हा प्रवास एका शब्दानं पायी केला आहे. माणसाच्या हातात बंदूक आल्यावर प्रत्येक श्वापद सावजच झालं, असा अर्थ त्यातून काढण्याचा मोह मला आवरत नाही. शब्द बंदुकीहून जुना आहे हे माहीत असूनही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली आणि थांबली ते उत्तमच झालं. त्यानंतर शब्दांनी नवी कामं धरली. रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात तेव्हा शेतकरी रात्री जागलीला जातो. पाइपाची नुसता आवाज करणारी बंदूक उडवतो आणि सकाळी सांगतो, “दोन बार काढले, तवा कुठं हालले.” बार आहे, काडतूस नाही. खामगाव-बुलढाणा रस्त्यावर बोथ्याच्या घाटात जे रान दोन्ही बाजूंनी लागतं ते १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. तिथे २०१९ च्या डिसेंबरात एक तरुण वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून, तेलंगणातून फिरून, पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर चालून. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हा प्रवास कळला. कॉलर घालण्यासाठी त्याच वर्षी फेब्रुवारीत टिपेश्वरला त्याच्यावर नेम धरला गेला होता, बार काढला गेला होता. त्या बंदुकीत शिसं नव्हतं, गुंगीचं औषध होतं. म्हणजे फारसी अर्थानं खरीखुरी दारू. शब्द इतकी शतकं भटकून आपल्या पहिल्या अर्थाला परत आला, आणि तो वाघ उठून चालू लागला.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून शब्द टिपले. पक्ष्यांचे, झाडांचे, पाणवठ्यांचे. गुरुजींच्या पिढीपाशी हाक्याचे, जागलीचे, फासांचे, वागुरीचे शब्द अजून आहेत. मेहकर, चिखली, जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा, कुठल्याही तालुक्यात तुमच्या घरी, शेजारी, तांड्यावर असं कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर या उन्हाळ्यात त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. शब्द त्यांच्या उच्चारात लिहा, कुणी सांगितला ते लिहा, गावाचं नाव आणि तारीख घाला. शुद्धलेखन नंतर पाहू.